कंसातला हशा

जुन्या वर्तमानपत्रांत पुढाऱ्यांची भाषणं सविस्तर छापून येत, तेव्हा त्यांत मधेमधे कंस पडलेले असत. (हशा.) (टाळ्या.) (प्रचंड हशा.) बोलणारा गेला, ऐकणारे गेले, वर्तमानपत्रही बंद पडलं, पण कंसातला हशा अजून छापलेला आहे. ग्रंथालयात पिवळ्या पडलेल्या फायली चाळताना मला भाषणापेक्षा त्या कंसांचंच कुतूहल वाटत आलं. कोण हसलं असेल? पुढच्या सतरंजीवरचे कार्यकर्ते, की मागे सायकलला टेकून उभे असलेले पाळीवरून सुटलेले कामगार? आणि हसून घरी गेलेल्या माणसाने पुढे शिक्का कशावर मारला? बातमीदाराने ते लिहिलेलं नाही. त्याला तरी कुठून कळणार?

सभेतलं हसणं एकजिनसी नसतं. पुढच्या रांगेतले लोक वक्त्याचं वाक्य पुरतं व्हायच्या आत हसतात, कारण तोच विनोद त्यांनी काल शेजारच्या गावात ऐकलेला असतो. मधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवरचा हशा एक श्वास उशिरा येतो आणि तोच खरा. सगळ्यात मागे मोटरसायकलवर बसून एक पाय जमिनीला टेकवलेले लोक असतात. ते हसत नाहीत, नुसते शेजाऱ्याकडे बघून भुवया उडवतात. सभा कशी झाली हे त्यांच्याकडून ऐकावं. ‘बोलतोय झकास’ असं ते म्हणाले तर समजावं, उमेदवाराचं काही खरं नाही.

या राज्यात पुढाऱ्याने हसवावं ही अपेक्षा मतदाराला लागली ती आचार्य अत्र्यांमुळे, असं माझं मत आहे. अत्रे राजकारणात आले ते विनोदाचं सगळं साहित्य बरोबर घेऊनच. विडंबनं लिहून झाली होती, नाटकं लिहून झाली होती, सिनेमे काढून झाले होते. १५ नोव्हेंबर १९५६ ला त्यांनी ‘मराठा’ सुरू केला. सकाळी अग्रलेखात आणि संध्याकाळी शिवाजी पार्कवर किंवा चौपाटीवर ते काँग्रेसच्या पुढाऱ्यांची अशी काही रेवडी उडवत की ऐकणाऱ्याला खोकल्याची उबळ यावी. त्यांनी म्हटलेल्या आणि कधीच न म्हटलेल्या कोट्यांची एक वेगळीच पोथी महाराष्ट्रभर तोंडी फिरते. जो विनोद कोणाचा ते ठाऊक नाही, तो आपण अजूनही अत्र्यांच्या नावावर मांडतो.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. अत्रे स्वतः दादरमधून निवडून आले. कराडात खुद्द यशवंतराव चव्हाण कसेबसे तरले. अत्र्यांच्या जिभेने सरकार झोडपून काढलं, असं ऐकतच आमची पिढी वाढली. पण नंतर पाच वर्षांनी काय झालं, ते फारसं कोणी सांगत नाही. १९६० मध्ये राज्य मिळालं आणि १९६२ च्या निवडणुकीत त्याच काँग्रेसला विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. अत्रे तेच, जीभ तीच, हशाही तितकाच असणार. मधल्या काळात फरक एवढाच पडला की फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराचा संताप ज्या मागणीवर धुमसत होता, ती मागणी पुरी झाली होती. १९५७ मध्ये लोक अत्र्यांच्या विनोदावर हसले ते घरात सुतक असताना हसावं तसे, दात-ओठ खाऊन. तशा हसण्याला मत चिकटतं. पोट भरल्यावरचं हसणं ढेकरेसारखं हवेत विरतं.

लालबागला माझे एक मामा गिरणीत होते. लाल बावट्याचे पक्के. बाळासाहेब ठाकऱ्यांची सभा मात्र त्यांनी चुकवली नाही. घरी आले की पंचा खांद्यावर टाकून, मान तिरकी करून ते बाळासाहेबांची नक्कल करत. म्हणजे नकलाकाराचीच नक्कल, कारण बाळासाहेब स्वतः व्यासपीठावर दुसऱ्यांच्या नकला करत असत. व्यंगचित्रकाराची नजर होती. माणसातलं नेमकं एक वैगुण्य पकडायचं आणि बाकीचा माणूस पुसून टाकायचा, हे त्यांनी कुंचल्यावरून जिभेवर आणलं. शरद पवारांना त्यांनी ‘मैद्याचं पोतं’ म्हटलं ते पवारांना मत देणाऱ्यांनाही तोंडपाठ होतं, आणि ते हसतही होते. मामा म्हणायचे, ऐकायचं ठाकऱ्यांना, मत द्यायचं कॉम्रेडला. त्यात त्यांना काही विसंगत वाटत नसे. तमाशात सोंगाड्या राजाची फजिती करतो तेव्हा आपण पागोटं उडवतो, पण वग संपल्यावर सोंगाड्याला कोणी गादीवर बसवत नाही. मामांचा हिशेब असा होता.

त्यांच्या मुलाचा वेगळा होता. १९८२ च्या संपानंतर गिरणीचा भोंगा थांबला, घरात बसलेला बाप आणि हाताला काम नसलेला मुलगा एकमेकांकडे बघेनासे झाले, तेव्हा तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शिवसेनेच्या शाखेत जाऊन बसू लागला. शेजारच्या म्हातारीला मध्यरात्री धाप लागली तेव्हा शाखेची रुग्णवाहिका आली. नोकरीचा अर्ज तिथे भरून मिळाला. त्याने पुढे आयुष्यभर सेनेला मत दिलं. ते त्याने विनोदासाठी दिलं असं कोणी म्हटलं तर त्याला रागच आला असता. विनोद दसऱ्याला, शिवाजी पार्कवर. शाखा रोज संध्याकाळी उघडी. आपले राजकीय भाष्यकार पहिल्यावर पानंच्या पानं लिहितात, कारण दुसरीत लिहिण्यासारखं काही चमकदार नसतं.

नुसत्या हशाची परीक्षा बघायची तर २०१९ ची लोकसभा बघावी. राज ठाकऱ्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार उभा नव्हता. तरी ते राज्यभर सभा घेत होते आणि भाषणाच्या मध्यावर थांबून म्हणत होते, ‘लाव रे तो व्हिडिओ’. मागच्या पडद्यावर सत्ताधाऱ्यांची जुनी आश्वासनं येत, जाहिरातीतलं ‘डिजिटल’ हरिसाल येई, आणि खाली प्रत्यक्ष गावाची अवस्था. वक्त्याने फक्त भुवई उंचावायची. मराठी राजकीय विनोदात तंत्र म्हणून इतकी नवी गोष्ट बऱ्याच वर्षांत घडली नव्हती.

त्या दिवसांत मी साताऱ्याकडच्या एका गावात दाढी करायला बसलो होतो. आरशाखालच्या फळीवर पावडरच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. सभा चालू. माझ्या अर्ध्या गालावर साबण वाळत होता आणि वस्तरा हवेत थांबलेला, कारण व्हिडिओ लागत होता आणि कारागिराला हसू आवरत नव्हतं. बाकावरचे तिघेही खदखदत होते. एकाने तर पुढच्या वाक्याआधीच ‘आता बघा, आता बघा’ म्हणत मांडीवर थाप मारली. भाषण संपल्यावर कारागिराने वस्तरा पुन्हा परजला. मी आरशातून विचारलं, मग या वेळी बदल का? तो म्हणाला, ‘छ्या! ह्यो माणूस उभा तरी हाय का? हसायला काय पैसं पडत्यात व्हय? मत वायलं.’ बाकावरच्या तिघांनाही त्याचं म्हणणं इतकं उघड वाटलं की त्यांनी माना हलवण्याचेही कष्ट घेतले नाहीत. निकाल लागला तेव्हा भाजप आणि शिवसेनेच्या युतीला ४८ पैकी ४१ जागा होत्या.

काही जणांनी यावरून मतदाराला निर्बुद्ध ठरवलं. मला तसं वाटत नाही. त्याला विनोद कळला होता, पटलाही होता. विनोदाने त्याला दाखवलं की समोरचा खोटं बोलला. त्या बदल्यात खरं कोण बोलतंय, हे काही दाखवलं नाही. फजिती झालेला उमेदवार आणि उमेदवारच नसलेला वक्ता यांत निवड करायची तर माणूस करणार काय?

१९६७ मधलं एक उदाहरण मला याच्या उलट बाजूचं वाटतं. दक्षिण मुंबईत स. का. पाटील उभे होते. मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणून त्यांचा दबदबा. आपल्याला हरवायचं तर देवालाच खाली यावं लागेल, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलून गेले. समोर जॉर्ज फर्नांडिस नावाचा तरुण कामगार पुढारी. त्याच्या बाजूने भिंती रंगल्या: देवाला नाही जमणार, पण तुम्ही पाटलांना हरवू शकता. विनोदाची मेख ‘तुम्ही’वर होती. पाटलांवर हसायला सगळेच तयार होते, पण इथे त्या विनोदाचा शेवट मतदाराच्या हातात ठेवला होता. तो पुरा करायचा तर मतदान केंद्रावर जाऊन शिक्का मारावा लागणार होता. पाटील पडले. इतकी कामाला लावलेली कोटी मी नंतर महाराष्ट्रात पाहिली नाही.

विनोद कोणावर होतो आहे, याकडे मतदाराचं बारीक लक्ष असतं. एप्रिल २०१३ मधली अजित पवारांची इंदापूर तालुक्यातली सभा आठवा. राज्यात १९७२ नंतरचा सगळ्यात भीषण म्हणावा असा दुष्काळ, जनावरं छावण्यांत, आणि सोलापूरकडचा एक शेतकरी उजनीच्या पाण्यासाठी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसलेला. धरणात पाणीच नाही तर सोडायचं कुठून, एवढंच पवारांना म्हणायचं होतं. पण पुढे मूत्रविसर्जनाची कोटी आली. त्या सभेच्या चित्रफितीत लोक हसताना ऐकू येतात. तेवढ्या मंडपात ती कोटी चालून गेली. मंडपाबाहेर जिथे टँकरची वाट बघत घागरींची रांग लागली होती, तिथे ती पोचली आणि तिचं रूपच पालटलं. माफी झाली, विधिमंडळात गोंधळ झाला, कराडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभराचा आत्मक्लेश झाला. तरी पुढच्या वर्षी बारामतीने त्यांना जवळजवळ ९० हजारांच्या आघाडीने निवडून दिलं. ज्याच्या नळाला पाणी आहे त्याला ती कोटी फारशी लागली नाही, असंच म्हणावं लागतं. माढा-करमाळ्याकडे मात्र ती अजून शब्दश: सांगतात, आणि सांगताना कोणी हसत नाही.

सभेत बायकांच्या बाजूला बसलेल्या ओळींकडे पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. प्रतिस्पर्ध्याला ‘बांगड्या भरा’ म्हणणं हा सर्वपक्षीय विनोद आहे. पुरुषांच्या बाजूने हमखास हशा. त्या क्षणी मी एकदा मुद्दाम डावीकडे पाहिलं. पन्नास-साठ जणी बसल्या होत्या, मळ्यातून थेट आलेल्या, आणि प्रत्येकीच्या मनगटात हिरवा चुडा. एकीने नकळत पदर मनगटावर ओढून घेतला. वक्ता पुढच्या मुद्द्यावर गेला होता. या बायका सभेहून घरी जाताना काय बोलतात, ते कोणत्याच वार्ताहराने कधी कंसात लिहिलेलं मला आढळलं नाही. पक्षांना त्या अलीकडे दिसू लागल्या आहेत, तेही विनोदाच्या वाटेने नव्हे. २०२४ मध्ये महिन्याला दीड हजार रुपये थेट त्यांच्या खात्यावर जाऊ लागले. त्या हप्त्याने निवडणुकीला जो आकार दिला, त्यात कोटीला जागाच नव्हती.

रामदास आठवल्यांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, म्हणून घेतो. त्यांनी यमक जुळवलं की लोकसभेत पंतप्रधानांपासून विरोधकांपर्यंत सगळे हसतात, टीव्हीवाले ते तुकडे दिवसभर दाखवतात. पँथरच्या दिवसांतले आठवले ज्यांनी पाहिले, त्यांना हे हसणं बोचतं. मला यात एक तपशील महत्त्वाचा वाटतो: २००९ मध्ये शिर्डीत हरल्यावर ते थेट जनतेकडून निवडून लोकसभेत गेलेले नाहीत, आणि त्यांच्या चारोळ्यांना बहर आला तो राज्यसभेच्या काळात. मत मागायचं नसलं की विनोद मोकळा होतो. तो चांगला होतो की नाही, ते ज्याने त्याने ठरवावं. विलासराव देशमुखांची गोष्टही तशीच मासलेवाईक. त्यांच्याइतका हजरजबाबी मुख्यमंत्री राज्याने क्वचित पाहिला, पण १९९५ मध्ये लातूरकरांनी त्यांना घरी बसवलं तेव्हा त्या हजरजबाबीपणाचा काडीचा उपयोग झाला नाही.

आणि मग सांगोला. या तालुक्याने हा सगळा विषय जणू स्वतःच्या अंगावर करून पाहिला. माणदेशातला तालुका. पाऊस दडी मारणारा, ओढे कोरडे, डाळिंबावर जगणारा. इथून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ पासून अकरा वेळा आमदार झाले. विधानसभेला एसटीने जाणारा माणूस. आयुष्यातली बहुतेक वर्षं विरोधी बाकावर काढून पाणी, रोजगार हमी, दुष्काळ एवढंच बोलत राहिला. त्यांना हरवणं १९९५ मध्ये शहाजीबापू पाटलांना जमलं. त्यानंतर मात्र बापू पडत राहिले, पुन्हा उभे राहत राहिले. गणपतराव थांबले तेव्हा, २०१९ मध्ये, त्यांच्या एका नातवाला ७६८ मतांनी हरवून बापू पुन्हा विधानसभेत पोचले.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंद्यांबरोबर बंड केलेले शिवसेनेचे आमदार गुवाहाटीला गेले, त्यांत बापूही होते. तिथल्या हॉटेलातून बापूंनी गावाकडच्या एका कार्यकर्त्याशी फोनवर गप्पा मारल्या. काय झाडी, काय डोंगार, काय हाटील! एकदम ओक्के! बोलणं बाहेर फुटलं आणि दोन दिवसांत राज्यात ते न ऐकलेला माणूस उरला नाही. गाणी झाली, टी-शर्ट निघाले, लग्नाच्या वरातीत ते वाजलं. सरकार पडत होतं, पक्ष फुटत होता, आणि महाराष्ट्र हसत होता. मी स्वतःही हसलो, आणि अजून ते ऐकलं की हसू येतं. कारण त्यात खोट नव्हती. उभं आयुष्य बाभळी बघण्यात गेलेला माणूस हिरवागार डोंगर बघून हरखला आणि तसं बोलला. ते भाषण नव्हतं, म्हणून ते विनोद म्हणून इतकं टिकलं.

पण विनोद एकदा गावात सुटला की तो मालकाचा राहत नाही. त्याच बोलण्यातल्या ‘ओक्के’ला विरोधकांनी पुढे ‘पन्नास खोके’ जोडले आणि ऑगस्टच्या अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर ती घोषणा दणाणली. शाळकरी पोरंही ती देत होती. त्या घोषणेने सत्ताधाऱ्यांची झोप उडाली असेल, असं आपल्याला शहरात बसून वाटत होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतमोजणी झाली. शिंद्यांच्या शिवसेनेला ५७ जागा, उद्धव ठाकऱ्यांच्या पक्षाला २०. ज्या पक्षावर राज्य अडीच वर्षं हसलं तो जिंकला. त्या पक्षातला जो माणूस राज्याला सगळ्यात जास्त आवडला, तो पडला.

लढत तिरंगी होती, आणि तिरंगी लढतीत कोणाची मतं कुठे गेली यावर सांगोल्याच्या चहाच्या गाड्यावर आजही एकमत होणार नाही. बापू फार प्रसिद्ध झाले म्हणून पडले, असं मी म्हणणार नाही. एवढ्या सोप्या कारणाने कोणी पडत नसतं. पण आकडे समोर आहेत. पाच वर्षांपूर्वी ७६८ मतांनी जिंकलेली जागा, मधल्या काळात अख्ख्या महाराष्ट्राचं प्रेम मिळवून, त्यांनी २५ हजारांहून अधिक मतांनी गमावली. विजयी झालेले डॉ. बाबासाहेब देशमुख हे गणपतरावांचेच नातू, शेतकरी कामगार पक्षाचेच. त्यांचा एकही संवाद महाराष्ट्राला पाठ नाही.